स्टारबेसचा माग कसा ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टारशिप हे स्पेसएक्स कंपनीचं महाकाय रॉकेट स्टारबेस या तळावरून उडतं त्या दिवशी सगळं जग बघतं. दोन उड्डाणांच्या मधल्या काळात तिथे काय चाललंय याची चौकशी करणारे थोडे असतात, पण ते प्रश्न मात्र फिरून फिरून तेच विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. घडामोडी २०२५ अखेरपर्यंतच्या धरल्या आहेत.

ही जागा नेमकी कुठे आहे?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, कॅमेरॉन काउंटीत. ब्राउन्सव्हिल शहरातून हायवे ४ पूर्वेकडे निघतो आणि बोका चिकाच्या किनाऱ्यावर जाऊन संपतो. रस्ता हा एवढाच. दक्षिणेला रिओ ग्रांदे नदी आणि तिच्यापलीकडे मेक्सिको. स्पेसएक्सने २०१४ मध्ये ही जागा निवडली ती फाल्कन रॉकेटांसाठी. पुढे बेत बदलला आणि २०१८च्या अखेरीपासून इथे स्टारशिपचं काम सुरू झालं. मे २०२५ मध्ये तिथल्या रहिवाशांनी मतदान करून ‘स्टारबेस’ नावाचं शहरच स्थापन केलं. मतदार बहुतेक कंपनीशीच संबंधित, तेव्हा निकालाची धाकधूक कुणालाच नव्हती: २१२ विरुद्ध ६.

रॉकेटचा तळ म्हटलं की कडेकोट बंदोबस्त आला. मग इथलं सगळं इतकं उघड कसं दिसतं?

त्या रस्त्यामुळे. हायवे ४ सार्वजनिक आहे आणि टेक्सासमध्ये समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा लोकांचा हक्क राज्यघटनेतच लिहिलेला आहे. कारखाना रस्त्याला खेटून, लाँच पॅडही रस्त्याला खेटून. चाचणी नसेल त्या दिवशी कुणीही गाडी घेऊन कारखान्यासमोरून पुढे किनाऱ्यावर जाऊ शकतो. बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, कारखान्यातून पॅडवर न्यायचा असेल तर तोही याच रस्त्याने, खूप चाकांच्या सपाट वाहनावर उभा राहून, माणसाच्या चालीने जातो. झाकून नेण्याची सोयच नाही.

पाण्यापलीकडे साउथ पाद्रे बेटावर इस्ला ब्लांका पार्क आहे. पॅडपासून सुमारे ८ किलोमीटर, मध्ये अडथळा काही नाही. उड्डाणाला गर्दी जमते ती तिथे. शिवाय ‘नासास्पेसफ्लाइट’ आणि ‘लॅबपाद्रे’ या दोन खासगी मंडळींचे कॅमेरे चोवीस तास चालू असतात. (पहिल्या नावात नासा असली तरी नासाशी तिचा संबंध नाही; हा प्रश्नही वारंवार येतो.) काही जण विमानातून घिरट्या घालून वरून फोटो काढतात. पाया कुठे खणला, पाइप कुठे टाकले हे रस्त्यावरून दिसत नाही, ते या फोटोंत दिसतं.

मी आजच बघायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात काय काय आहे तेच कळत नाही.

तीन जागा लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप जुळतं.

पहिली, कारखाना. स्टारफॅक्टरी ही लांबलचक इमारत आणि तिच्याजवळ मेगा बे नावाच्या उंच इमारती. स्टीलच्या पट्ट्यांची वेटोळी येतात, त्यांच्या ९ मीटर व्यासाच्या रिंगा होतात, तीन-चार रिंगा जोडून एक नळकांडं तयार होतं आणि अशी नळकांडी मेगा बेमध्ये एकावर एक चढवून वेल्ड करतात. साधारणपणे एका बेमध्ये बूस्टर, दुसऱ्यात शिप म्हणजे वरचा टप्पा. प्रत्येक तुकड्यावर तो कुठल्या वाहनाचा (म्हणजे बूस्टरचा किंवा शिपचा) कितवा भाग हे सांगणारं लेबल असतं. कॅमेरेवाल्यांची नजर त्या लेबलांवर असते. ‘बूस्टर १८ची जोडणी सुरू झाली’ अशी बातमी वाचता ना, ती बहुतेक वेळा दार उघडं असताना दिसलेल्या एका चिकटपट्टीवरून आलेली असते.

दुसरी जागा मॅसीज. इथे पूर्वी नेमबाजीचं मैदान होतं. आता इथे टाक्यांच्या चाचण्या होतात.

तिसरी, लाँच साइट. दोन टॉवर, त्यांच्यावरचे ‘चॉपस्टिक्स’ म्हणजे रॉकेट उचलणारे आणि परतणारा बूस्टर हवेत झेलणारे दोन हात, आणि इंधनाच्या टाक्यांचं आवार, ज्याला सगळे टँक फार्म म्हणतात.

एखादं वाहन कारखान्यातून उड्डाणापर्यंत कोणत्या क्रमाने जातं?

जोडणी, मग मॅसीजवर क्रायो चाचणी (अतिथंड द्रव भरून टाकी तपासणं), परत मेगा बेमध्ये, तिथे इंजिनं बसवायची, मग स्टॅटिक फायर (जखडून ठेवून इंजिनं पेटवणं), पुन्हा बेमध्ये डागडुजी, मग पॅडवर जाऊन बूस्टरवर शिप चढवायचं, आणि उड्डाण. बूस्टरला ३३ रॅप्टर इंजिनं, शिपला ६. दोन्ही एकावर एक उभी केली की उंची १२० मीटरच्या पुढे जाते.

क्रम पाठ असला की उपयोग असा: बूस्टरची क्रायो झाली एवढंच ऐकलं तर पुढे किमान चार मुक्काम बाकी आहेत हे लगेच कळतं आणि ‘पुढच्या आठवड्यात उड्डाण’ असल्या मथळ्यांवर वेळ जात नाही. मात्र वाहनं मागे-पुढे होतात, इंजिन बदलायला परत येतात, एखादं वाहन क्रायो करून कायमचं बाजूला पडतं. वाहनांच्या एसएन (सुरुवातीची वाहनं), बी (बूस्टर), एस (शिप) या क्रमांकांतल्या गाळलेल्या जागा अशाच पडल्या आहेत.

क्रायो चाचणी चालू आहे हे कसं ओळखायचं?

हा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण इथे कुणी काही सांगायची गरजच नसते. स्टील स्वतः सांगतं.

क्रायोमध्ये टाकीत खरं इंधन नसतं. त्याऐवजी उणे १९६ अंशांच्या आसपास असलेला द्रव नायट्रोजन भरतात आणि टाकी दाब सोसते का ते पाहतात. बोका चिकाची हवा समुद्राकाठची, दमट. टाकी आतून गार झाली की बाहेरच्या पत्र्यावर लगेच दंव धरतं. द्रव जिथपर्यंत चढला तिथपर्यंत पांढरं, त्याच्या वर चकचकीत स्टील. मध्ये एक सरळ, ठसठशीत रेघ दिसते आणि ती हळूहळू वर सरकते. बूस्टर आणि शिप दोन्हींत खालची टाकी ऑक्सिजनची, वरची मिथेनची. म्हणून पांढरे पट्टे दोन असतात आणि दोन्ही एकदमच चढतील असं नाही. कधी खालचाच पट्टा अर्ध्यावर येऊन थांबतो, तासभर तसाच राहतो आणि मग उतरू लागतो. त्या दिवशी तेवढंच करायचं होतं, की काहीतरी बिनसलं, हे बाहेरून सांगता येत नाही.

वरच्या बाजूने वाफेचे फवारे सुटतात तो दाब सोडण्याचा भाग. अधूनमधून सुटणारे छोटे फवारे नेहमीचे. एकदम मोठा, लांब चाललेला फवारा आणि पाठोपाठ उतरणारी दंवाची रेघ दिसली की चाचणी आवरली असं धरा. त्यानंतरही लोक लगेच जवळ जात नाहीत. गाड्या परत वाहनाजवळ दिसू लागल्या तर ते सुरक्षित आहे, हा सगळ्यात भरवशाचा संकेत.

मुंबईच्या पावसाळ्यात थंड पाण्याच्या बाटलीला जसा घाम फुटतो तोच हा प्रकार, फक्त घाम फुटायच्या आधीच गोठतो.

आणि स्टॅटिक फायर?

वाहन जागेला जखडून ठेवून इंजिनं काही सेकंद पेटवायची. त्या दिवशीचा क्रम असा दिसतो: रस्ता बंद, पॅडवरच्या गाड्या निघून जातात, टँक फार्ममधून वाफा सुरू, मग दंव, मग इंजिनांच्या बाजूने धुरकट पांढरं काही निघू लागतं, ती इंजिनं आधी थंड करून घेण्याची पायरी. शेवटी पॅडखालून पाण्याचे जोरदार फवारे आणि लगेच आग. पाणी उडालं पण आग नाही, असं झालं तर शेवटच्या क्षणी संगणकाने थांबवलं. आग न लावता पंप फिरवून बघण्याचीही एक चाचणी असते, स्पिन प्राइम. त्यात नुसता ढग दिसतो.

इंजिनं किती पेटली हे मात्र स्क्रीनवर मोजत बसू नका. ९ फेब्रुवारी २०२३ला बूस्टर ७च्या ३३पैकी ३१ पेटली, हे कळलं ते कंपनीने सांगितल्यावर. धुराच्या त्या लोटात ३१ आणि ३३ सारखीच दिसतात.

रस्ता बंद राहणार अशी सूचना आली म्हणजे चाचणी नक्की?

नाही. काउंटी आणि शहर आपापल्या संकेतस्थळांवर रस्ता-किनारा बंद ठेवण्याच्या वेळा टाकतात. त्यांतल्या कितीतरी रद्द होतात. काही फक्त वाहन हलवण्यापुरत्या असतात, त्यात आग नाही की दंव नाही. सूचना म्हणजे परवानगीची खिडकी, एवढंच.

स्फोट झाला की प्रकल्प किती मागे जातो?

काय फुटलं यापेक्षा कुठे फुटलं ते विचारा.

२०१९-२०मध्ये इथे वाहनं धडाधड फुटत होती. मार्क-१ नोव्हेंबर २०१९मध्ये दाबाच्या चाचणीत फुटलं. एसएन१ फेब्रुवारी २०२०मध्ये गेलं, एसएन३ एप्रिलमध्ये कोलमडलं, एसएन४ मेअखेरीला स्टॅटिक फायरनंतर लगेच जळून गेलं. तरी ऑगस्टमध्ये एसएन५ने १५० मीटरची उडी मारलीच, कारण पुढचं वाहन आधीच तयार होत आलेलं असायचं. उंच उड्डाणांतही एसएन८ ते एसएन११ गेली आणि ५ मे २०२१ला एसएन१५ धड उतरलं.

आता याच्या उलट गोष्ट. १८ जून २०२५च्या रात्री शिप ३६ मॅसीजवर स्टॅटिक फायरची तयारी चालू असताना फुटलं. दाबाखालच्या नायट्रोजनची एक टाकी निकामी झाली असावी, असं कंपनीचं म्हणणं. शिप गेलं त्याची हळहळ कमीच; त्याच्याबरोबर शिपच्या स्टॅटिक फायरचा एकमेव स्टँड गेला, तो खरा फटका. मग शिप ३७ला तात्पुरता जोड लावून थेट लाँच पॅडवरच उभं केलं, तिथे इंजिनं पेटवली आणि २६ ऑगस्टला दहावं उड्डाण झालं. मॅसीजवर जळालेलं लोखंड काढणं, नवे पाइप टाकणं महिनोन्‌महिने चाललं. कॅमेऱ्यात ते कंटाळवाणं दिसतं. आमच्या मते त्या उन्हाळ्यात पाहण्यासारखी गोष्ट तीच होती.

२१ नोव्हेंबर २०२५ला बूस्टर १८चा खालचा भाग दाबाच्या चाचणीत फाटला. नव्या पिढीतला हा पहिला बूस्टर, म्हणून गाजावाजा झाला. पण इंजिनं बसवलेली नव्हती, इंधन नव्हतं, कुणाला इजा नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशीचे फोटो बघावेत ते वाहनाचे नव्हे, स्टँडचे.

बांधकाम किती झालं हे कसं मोजायचं? टॉवर उभा दिसतो म्हणजे पॅड तयार का?

टॉवर सगळ्यात लवकर उठतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. दुसऱ्या पॅडच्या टॉवरचे तुकडे फ्लोरिडातून जहाजाने ब्राउन्सव्हिल बंदरात आले. २०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये क्रेनने एकावर एक चढवले आणि पाहता पाहता टॉवर उभा राहिला. त्यानंतर २०२५चं अख्खं वर्ष गेलं तरी तोवरची अकराही उड्डाणं जुन्या पॅडवरूनच झाली. वेळ खाल्ला तो जमिनीखालच्या कामाने: ज्वाला वळवण्याचा खोल चर, पाण्याच्या टाक्या आणि पाइप, रॉकेट ज्यावर उभं राहतं ते लाँच माउंट, इंधनाच्या वाहिन्या, वायरिंग.

हा चर का लागला, त्यामागे मोठी गोष्ट आहे. पहिल्या पॅडला चर नव्हताच. समुद्राकाठची जमीन, खणलं की पाणी. म्हणून सहा पायांवर माउंट उंच उभारलं आणि खाली काँक्रीट ठेवलं. २० एप्रिल २०२३ला पहिल्या उड्डाणात बूस्टरच्या इंजिनांनी ते काँक्रीट उखडून टाकलं. तुकडे समुद्रापर्यंत उडाले, माउंटखाली खड्डा पडला. मग खड्डा भरून त्यावर जाड पोलादी पत्रे बसवले, ज्यांतून पाणी वर फवारतं. जुलैअखेरीस त्याची पूर्ण दाबाने चाचणी झाली, म्हणजे तीन महिन्यांत. ऑगस्टमध्ये बूस्टर ९ची इंजिनं त्याच पत्र्यांवर पेटवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला रॉकेट पूर्ण उंचीने उभं.

आणि उड्डाण? १८ नोव्हेंबर. मधले दोन-अडीच महिने पॅडवर दिसण्यासारखं विशेष काही घडत नव्हतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने म्हणजे एफएएने चौकशी सप्टेंबरमध्ये संपवून ६३ सुधारणा सांगितल्या, वन्यजीव खात्याचा अभ्यास चालू राहिला आणि परवाना आला तो नोव्हेंबरच्या मध्यावर. कॅमेऱ्याला कागद दिसत नाहीत. बांधकाम बघून तारीख सांगणारे त्या वर्षी सगळे चुकले ते इथेच.

नव्या पॅडची प्रगती मोजायची तर हे पाहा: टँक फार्मकडून येणारे पाइप जोडले का, पाण्याची पहिली चाचणी झाली का, चॉपस्टिक्स वजन उचलून हलतात का, वाहन नसतानाच टँक फार्ममधून वाफा निघू लागल्या का. शेवटचं दिसलं म्हणजे वाहिन्या थंड करून पाहत आहेत, पॅड जिवंत होतोय.

मग उड्डाणाची तारीख कशावरून धरायची?

कागदांवरून, आणि तेही शेवटच्या आठवड्यात. एफएएचा परवाना किंवा परवान्यातला बदल. विमानांसाठी हवाई क्षेत्र बंद ठेवण्याची सूचना. जहाजांसाठी तटरक्षक दलाची सूचना. तिन्ही एकाच दिवसाकडे बोट दाखवू लागल्या की तो दिवस धरायला हरकत नाही. पॅडवर खूण एकच: भरकटलं तर रॉकेट हवेतच नष्ट करण्यासाठी लागणारी स्फोटकं बसवणं. ते काम अगदी शेवटी होतं.

इलॉन मस्क तारीख सांगतात ती?

सप्टेंबर २०१९मध्ये मार्क-१समोर उभं राहून त्यांनी सहा महिन्यांत कक्षेत जायचा प्रयत्न करू असं म्हटलं होतं. मार्क-१चं काय झालं ते वर आलंच आहे. बूस्टरसकट पहिलं उड्डाण एप्रिल २०२३मध्ये झालं.

तिथल्या गावाचं आणि पक्ष्यांचं काय?

बोका चिका नावाची छोटी वस्ती तिथे आधीपासून होती. चाचणीआधी घरांत नोटिसा यायच्या: काचा फुटू शकतात, त्या वेळी घराबाहेर थांबा. बहुतेक घरं पुढे कंपनीने विकत घेतली. चहूबाजूंनी राष्ट्रीय वन्यजीव आश्रयाच्या जमिनी आहेत. किनाऱ्यावर दुर्मीळ केम्प्स रिडली कासवं अंडी घालतात आणि पायपिंग प्लोव्हर हे छोटे पाणपक्षी हिवाळ्याला येतात. पर्यावरण संस्थांनी २०२३मध्ये एफएएवर खटला भरला. किनारा वारंवार बंद राहतो हीही स्थानिकांची जुनी तक्रार आहे. वर्षाला ५ उड्डाणांची मर्यादा मे २०२५मध्ये २५वर गेली, म्हणजे हा वाद मिटणारा नव्हे. माग ठेवताना तो भाग गाळू नये. रस्ता बंद होतो तो कुणाचा तरी रस्ता असतो.

आपल्या श्रीहरिकोट्याचा असा माग ठेवता येतो का?

कॅमेऱ्याने नाही. श्रीहरिकोटा बंदिस्त बेट आहे. लोकांसाठी २०१९मध्ये सुरू झालेली गॅलरी आहे, पण ती उड्डाण पाहण्यापुरती. दिसतं ते इस्रोच्या निवेदनांतून, संसदेतल्या उत्तरांतून आणि निविदांतून. जानेवारी २०२५मध्ये मंत्रिमंडळाने तिथल्या तिसऱ्या लाँच पॅडला ३,९८४.८६ कोटी रुपये मंजूर केले, मुदत ४८ महिने. तमिळनाडूत तुतुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टणमला छोट्या रॉकेटांच्या नव्या तळाची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ला झाली.

या दोन्हींसाठी एक साधन सगळ्यांना फुकट आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं कोपर्निकसच्या संकेतस्थळावर मिळतात. एक जागा साधारण पाच दिवसांनी पुन्हा टिपली जाते, बारकावा १० मीटर. माणूस दिसणार नाही, पण मोकळी केलेली जमीन, नवा रस्ता, इमारतीचा पाया नीट कळतो. पावसाळ्यात ढगांशी मात्र झगडावं लागेल.

आणि रॉकेटची घडण पाहायला तळावरच जायला हवं असंही नाही. पीएसएलव्हीच्या मोटरचे सांगाडे वालचंदनगरला बनतात, ‘विकास’ नावाची आणि क्रायोजेनिक इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये. फक्त तिथे रस्त्यावरून काही दिसत नाही.

नोंदी कशा ठेवायच्या?

साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये, तीन रकाने करून: दिसलं, सांगितलं, वाटलं. ‘दंव खालच्या टाकीच्या निम्म्यापर्यंत’ हे दिसलं. ‘चाचणी यशस्वी’ हे कंपनीने सांगितलं. ‘इंजिन बदलणार’ हे वाटलं. वेळ स्थानिक आणि भारतीय, दोन्ही लिहा. आठवड्याने तिसरा रकाना पुन्हा वाचा आणि जे खरं ठरलं नाही ते खोडू नका, बाजूला फुली मारा. काही महिन्यांनी कोणत्या खुणेवरून तुमचा अंदाज बरोबर येतो हे तुमच्याच फुल्या सांगतील. कोण्या यूट्यूबरचा तिसरा रकाना आपल्या पहिल्यात उतरवायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

भारतातून पाहायचं तर रात्री किती जागायचं?

टेक्सासची वेळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेदहा तास, हिवाळ्यात साडेअकरा. तिथला दिवसभराचा चाचणीचा वेळ म्हणजे आपली संध्याकाळ आणि रात्र. बूस्टर पहिल्यांदा चॉपस्टिक्सनी झेलला ते पाचवं उड्डाण १३ ऑक्टोबर २०२४ला आपल्याकडे संध्याकाळी ५:५५ला झालं, रविवार होता, काहीच त्रास नाही. अकरावं मात्र १४ ऑक्टोबर २०२५च्या पहाटे ४:५३ला.

उड्डाणासाठी गजर लावा. स्टॅटिक फायरसाठी जागायचं की नाही ते दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे का त्यावर ठरवा. तासन्‌तास वाफा बघून शेवटी रस्ता उघडला, असं होतंच. क्रायोसाठी मुळीच जागू नका. सकाळी डबा भरता भरता रेकॉर्डिंग आठपट वेगाने लावलं की दंवाची रेघ चढताना-उतरताना पूर्ण दिसते.